जर्मनीत शिकायला चाललात? 'बघतो' म्हणणं इथेच सोडून जा

दर ऑक्टोबरला तिकडचं हिवाळी सत्र सुरू झालं की आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्याच तक्रारी येतात. "प्रोफेसर तुसडे आहेत." "माझं काय चुकलं तेच कळेना." मला ते सहसा दुसऱ्या ओळीतच कळतं, कारण मीही तेच करून बसलो होतो. मी "बघतो" म्हणालो होतो.

आपल्याकडे "बघतो" म्हणजे नाही. "बघतो हं" म्हणजे तर अजिबातच नाही. ऐकणाऱ्याला ते उमगतं आणि विषय तिथेच मिटतो. जर्मन माणसाला मात्र तो होकार वाटतो, आणि होकार त्याच्या कॅलेंडरात तारखेसकट जातो.

पहिल्याच सत्रात मला 'हीवी'चं, म्हणजे विद्यार्थी-मदतनिसाचं काम मिळालं. गुरुवारी गाईडने विचारलं, मंगळवारपर्यंत मोजमापांचे आलेख होतील का? सेन्सरच्या निम्म्या फायली खराब आहेत हे मला तेव्हाच माहीत होतं. तरी मान डोलावली, "आय विल ट्राय" म्हणालो आणि शनिवार-रविवार जागून काढले. मंगळवारी बैठकीला बाहेरून आलेले दोन पाहुणे, आणि माझ्या हातात अर्धा आलेख. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "फायली खराब आहेत हे तुला कधी कळलं?" गुरुवारी. "मग गुरुवारी का नाही बोललास?" सरांना तोंडावर नाही कसं म्हणायचं, हे इंग्रजीत समजावायला गेलो तर थापच वाटली. पुढचे दोन महिने मी केबलींना लेबलं चिकटवत होतो.

तेव्हापासून माझी सवय अशी: आधी "नाही, मंगळवारी होणार नाही", मग कारण, मग जमेल ती तारीख. त्याच संध्याकाळी दोन ओळींची मेल. ती स्वतः लिहा. ग्रुपवरचा तयार मसुदा ढापून बाईंना "रिस्पेक्टेड सर" पाठवणारे महाभाग मी पाहिलेत.

अहवालावर "हा भाग निरुपयोगी, काढा" असा शेरा आला तर तो भाग काढा. रुसू नका, तो शेरा त्या भागावर आहे.

वेळापत्रकात दहाच्या पुढे 'सी. टी.' असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, 'एस. टी.' असेल तर ठोक्याला दहा. आपल्या एसटीचा अनुभव इथे विसरा.

परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते. मुदत हुकली की खिडकीपाशी "प्लीज मॅडम" करून काही होत नाही. आणि विद्यापीठाच्या पानावर तारीख लिहिलेली असताना ग्रुपवर "अर्जंट, कोणीतरी सांगा" टाकणाऱ्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही.

"कोर्स इंग्रजीत आहे, जर्मन कशाला?" यावरही वाद घालणं सोडलंय. घरमालकाचं पहिलं जर्मन पत्र आलं की हेच लोक ते वाचून घ्यायला येतातच.

त्या पत्रात बहुधा रविवारचा मिक्सर असतो. रविवार शांततेचा, इडलीचं पीठ शनिवारी वाटा, रात्री दहाच्या आत.

वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, ते अशुभ मानतात. तुमचा वाढदिवस असेल तर केक तुम्हीच न्यायचा.

आणि तास संपल्यावर सगळे बाकं ठोकू लागले तर दचकू नका. मला संप वाटला होता. टाळ्या असतात त्या.