जनरल क्लिंटन कनू शर्यत: 70 मैल वल्हवताना या चुका टाळा

न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउनच्या ओटसेगो सरोवरातून सुटायचं आणि सस्क्वेहाना नदीने 70 मैल, म्हणजे सुमारे 113 किलोमीटर, वल्हवत बेनब्रिज गाठायचं, तेही एका दिवसात. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला होणारी ही कनूंची, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लांबट, अरुंद होड्यांची शर्यत 1963 साली सुरू झाली. मुरलेल्या जोड्या आठ तासांच्या आसपास पोहोचतात, नवख्यांचा अख्खा दिवस जातो.

नवखे दंडाचे स्नायू कमवून येतात आणि नदी न बघता येतात. "प्रवाहाबरोबरच तर जायचंय" ही समजूत या नदीवर अंगलट येते. ज्याच्या नावाने शर्यत होते त्या, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या जनरल जेम्स क्लिंटनलाही वरच्या सस्क्वेहानाचं पाणी पुरलं नव्हतं. 1779 च्या उन्हाळ्यात मोहॉक नदीवरच्या कॅनजोहॅरीपासून दोनशेहून जास्त होड्या जमिनीवरून ओढत त्याने ओटसेगोला आणल्या. पुढची नदी अरुंद आणि उथळ. म्हणून त्याने सरोवराच्या तोंडाशी बांध घातला, पाणी चढू दिलं आणि 9 ऑगस्टला बांध फोडून त्या लोंढ्यावर फौज खाली नेली. ती मोहीम तिथल्या मूळ रहिवाशांवर, होडेनोशोनी म्हणजे इरोक्वॉय लोकांवर होती. त्यांची चाळीसच्या आसपास गावं, उभा मका, फळबागा, सगळं जाळलं गेलं. सकाळी सरोवरावर सुटण्याची वाट बघताना हे मला आठवतं, आणि प्रत्येक स्पर्धकाला ठाऊक असावं असं मनापासून वाटतं.

आपल्यासाठी कोणी बांध फोडणार नाही. त्या वर्षी जेवढं पाणी असेल तेवढ्यातच वाट काढायची. एप्रिलच्या भरलेल्या नदीत सराव करून मेअखेरीचा अंदाज बांधू नका. शर्यतीच्या आठवड्यात निदान वरचा टप्पा पुन्हा एकदा वल्हवून या.

होडी अचानक जड का होते?

उथळ पाण्यात होडी स्वतःच्याच लाटेत अडकते. मागची बाजू खाली बसते, नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचललं जातं आणि कोणीतरी मागून दोरी धरल्यासारखं वाटतं. नवखा इथेच दात-ओठ खाऊन लांब, जोरकस वल्हं मारतो आणि पंधरा मिनिटांत खांदे गमावतो. वल्हं आखूड आणि भराभर मारा, दोघांनीही वजन पुढे घ्या, आणि खोल धार शोधा. वळणावर ती बहुतेक वेळा बाहेरच्या काठाला असते.

पण उन्मळून पडलेली झाडंही त्याच काठाला असतात. फांद्यांमधून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. म्हणून कूपर्सटाउनखालच्या नागमोडी पट्ट्यात वळण दिसायच्या आधीच होडीचं तोंड फिरवायला लागा. होडी आडवी होऊन खडकाला टेकलीच, तर अंग आपोआप खडकापासून लांब झुकतं. तसं झालं की प्रवाहाकडची कड पाण्याखाली जाते आणि होडी क्षणात भरते. खडकाकडे झुका. जिवाला पटत नाही, म्हणूनच याचा आधी उथळ पाण्यात सराव हवा.

वल्हं उलटं धरणं

शर्यतीचं वल्हं सरळ नसतं, पात्यापाशी थोडं वाकलेलं असतं. यूजीन जेन्सन या अमेरिकी कनू-रचनाकाराने 1970 च्या दशकात ते रूढ केलं. पहिल्यांदा हातात घेतलं की ते चमच्यासारखं स्वतःकडे वळवून धरायचा मोह होतो, आणि मग प्रत्येक ओढीला पाणी वर उपसलं जातं. पातं पुढे, नाळेच्या दिशेने झुकलेलं दिसायला हवं. मग हात मांडीजवळ येईपर्यंत ते पाण्यात उभं राहतं आणि होडी पुढे सरकते. कंबरेच्या मागे ओढू नका, तिथे फक्त होडी खाली दाबली जाते.

बाजू बदलण्याचंही तसंच. काही ओढी झाल्या की एकाने "हट्" म्हणायचं आणि दोघांनी एकदमच बाजू बदलायची. दमल्यावर एक जण उशिरा बदलतो, होडी डुलते, मग एकमेकांवर चिडचिड सुरू होते. हाक कोण देणार हे किनाऱ्यावरच ठरवा आणि दिवसभर त्यालाच देऊ द्या.

पोट आणि पाय

पहिल्या वर्षी वाटेतल्या गुडइयर लेक या तलावाच्या संथ पाण्यावर माझ्या जोडीदाराला उलट्या झाल्या. समोरून वारा, प्रवाहाची मदत नाही, आणि पोटात सकाळपासून फक्त गोड पेय. डोळे खोल गेले होते, बोटं वल्ह्यावरून सुटत नव्हती. चूक दोघांची होती: तहान लागेल तेव्हा पिऊ, असं आम्ही म्हटलं होतं. आता गळ्याशी नळी असलेली बाटली असते, दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. काठावरून बायको मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि मऊ दहीभाताची पुडी देते. खारट काहीतरी लागतंच. हे सगळं सरावात आधी खाऊन बघा, नवा पदार्थ त्या दिवशी नको.

गुडइयरचं धरण आणि ओनिऑन्टाचं धरण, दोन्हीकडे होडी खांद्यावर घेऊन चालावं लागतं. तासन् तास बसून पाय बधिर झालेले असतात. उडी मारून उतरणारे शेवाळलेल्या दगडावर पडतात आणि होडीलाही घेऊन पडतात. काठ यायच्या आधीच पावलं हलवा, रक्त फिरू द्या, मग उतरा. सुती कपडे नकोत. मे महिन्यातही पाणी गार असतं, भिजलेलं सुती अंगावरच गारठतं.

ओनिऑन्टानंतर ओटेगो, उनाडिला, सिडनी ही काठावरची गावं. नदी रुंदावते आणि तेच ते काठ संपता संपत नाहीत. सिडनी आलं म्हणजे संपलंच, असं धरून जोर लावणारे शेवटच्या मैलांत रखडताना मी पाहिलेत. लय तीच ठेवा, आणि बेनब्रिजला रेषा ओलांडल्यावर कोणीतरी होडी धरेपर्यंत उठू नका.