बाथरूमची टाइल पक्की करण्यापूर्वी
दुकानातल्या प्रखर दिव्यांखाली आवडलेली टाइल घरी आल्यावर मनातून उतरते, हा अनुभव नवा नाही; म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी निवडलेल्या प्रकारांच्या दोन-तीन सुट्या टाइल्स आणून त्या बाथरूममध्येच, भिंतीची उभी आणि जमिनीची आडवी ठेवून, सकाळच्या उजेडात आणि रात्री तिथल्याच दिव्याखाली पाहाव्यात. जमिनीच्या टाइलवर साबणाचे पाणी ओतावे आणि भिंतीला हात टेकवून अनवाणी पाय घासून पाहावा. पाय सरकला, तर रंग कितीही मनात भरलेला असो, ती टाइल बाद समजावी. बोअरवेलचे जड पाणी असल्यास तेच पाणी गडद, चकचकीत टाइलवर शिंपडून वाळू द्यावे, म्हणजे पांढरे डाग किती उठून दिसतात ते कळते. (काळ्या टाइल्सचा मोह बहुधा इथेच सुटतो.) जमिनीसाठी ३०० बाय ३०० मिलिमीटरची टाइल सोयीची, कारण जाळीकडे उतार देताना मोठी टाइल कापावी लागते. सर्व खोक्यांवरचा बॅच आणि शेड क्रमांक एकच असल्याची खात्री करून सुमारे १० टक्के टाइल्स जास्त घ्याव्यात. पुढे पाइपच्या गळतीसाठी भिंत फोडावी लागली, तर त्याच छटेची टाइल बाजारात मिळेलच असे नाही.