प्लग वायर घरी बदलताय? या चुका टाळा, खास करून वायर काढताना होणाऱ्या

माझ्याकडे १९९८ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे. तिच्या प्लग वायरला, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीचा करंट पोचवणाऱ्या वायरीला, मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा गाडी होती त्यापेक्षा जास्त बिघडली. काम काहीच नव्हतं खरं तर, प्लग काढून साफ करायचे होते फक्त. मधल्या सिलिंडरची वायर घट्ट बसलेली, मी वायरीलाच धरून ओढली, टक् करून निघाली, प्लग घासला, परत लावली, गाडी चालू, आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालणं) एकदम मस्त. चार दिवसांनी चिपळूणहून कऱ्हाडला निघालो आणि कुंभार्ली घाटात दुसऱ्या गिअरला गाडीने झटके मारायला सुरुवात केली, ऍक्सिलरेटर जितका दाबावा तितकं मिसिंग, म्हणजे सिलिंडर मधूनच न पेटणं, जास्त. घरचे सगळे गाडीत, मागे ट्रक, आणि सपाटीला आलो की परत काहीच नाही!

म्हणून सगळ्यात आधी हीच चूक सांगतो, वायरीला धरून ओढू नका. प्लग वायरच्या आत तांब्याची जाड तार नसते, बहुतेक वायरींत कार्बनचा लेप दिलेला बारीक धागा असतो आणि ओढला की तो आतल्या आत तुटतो, वरून रबर जसंच्या तसं, काही दिसत नाही. मग आयडलिंगला ठिणगी ती बारीकशी फट उडी मारून पार करते, पण चढावर ऍक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, त्या दाबात प्लगमध्ये ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं आणि तिथे ही तुटकी वायर कमी पडते. म्हणजे घरापाशी ट्रायल घेऊन गाडी ओके वाटली तरी काम ओके झालंय असं नसतं, एखादा चढ चढवूनच बघा.

काढायची पद्धत अशी: इंजिन पूर्ण गार होऊ द्या. प्लगवरची रबरी टोपी बोटांनी धरा, आधी डावी-उजवीकडे थोडी फिरवा, वर्षानुवर्षं चिकटलेली टोपी सुटल्याचं हाताला कळतं, आणि मगच सरळ वर ओढा. सुटत नसेल तर परत फिरवा, पकड लावून ओढाओढी नको. गरम इंजिनवर हात तर भाजतोच, पण त्याच झटक्यात प्लगही काढायला गेलात तर ऍल्युमिनियमच्या हेडमधले आटे जायची भीती असते, आणि आटे गेले की काही शेकड्यांचं काम काही हजारांवर जातं.

सगळ्या वायरी एकदम काढणं ही दुसरी चूक. हिच्यामुळे सगळ्यात जास्त गाड्या घरच्या अंगणातून टो होऊन गॅरेजला जातात असं माझं मत आहे. एक जुनी काढा, लांबी जुळवून तिच्या जागी नवी लावा, मग पुढची. सेटमधल्या वायरी कमी-जास्त लांबीच्या असतात त्या उगीच नाही. आधी मोबाईलवर दोन-तीन फोटो काढा, डेल्कोच्या (म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) कॅपचा वरून एक पाहिजेच.

तरी गोंधळ झालाच तर फायरिंग ऑर्डर लागते, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात तो क्रम. मारुती ८०० आणि ओम्नीच्या तीन सिलिंडरला ती १-३-२ आहे, झेन-एस्टीमच्या चार सिलिंडरला १-३-४-२, आणि एक नंबर सिलिंडर टायमिंग बेल्टच्या बाजूचा. आता इथे बरेच जण फसतात, ऑर्डर पाठ असते पण कॅपवर ती कुठल्या दिशेने मोजायची ते माहीत नसतं. कॅपच्या आत फिरणारा रोटर ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेने मोजायची. उलटी मोजली तर तीन सिलिंडरच्या गाडीत एक वायर बरोबर बसते आणि उरलेल्या दोघींची अदलाबदल होते, मग गाडी एका सिलिंडरवर फडफडते, कार्ब्युरेटरमधून फटाके येतात, आणि माणूस म्हणतो मी तर ऑर्डरप्रमाणेच लावल्या. दिशा बघायची असेल तर सपाट जागेवर चावी काढून, हँडब्रेक सोडून, कॅप उघडून, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि कुणाला तरी मागून हळू पुढे ढकलायला सांगा, रोटर फिरताना डोळ्यांनी दिसतो. ढकलणारा जवळचाच माणूस असू दे, थांब म्हटलं की थांबणारा.

डेल्को नसलेल्या पण वायरी असलेल्या चार सिलिंडरच्या गाड्यांत कॉइल पॅक असतो, म्हणजे ठिणगीचं व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइलींचा एकत्र डबा. त्यात बहुतेक वेळा १-४ ची एक जोडी आणि २-३ ची दुसरी, जोडीतल्या दोघांना ठिणगी एकदमच मिळते. त्यामुळे जोडीतल्या जोडीत अदलाबदल झाली तर गाडीला फरक पडत नाही, पण एक जोडी दुसरीत मिसळली की गाडी नीट चालणारच नाही. आणि सेट विकत घ्यायच्या आधी बॉनेट उघडून बघा हो, आताच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसलेली असते, तिथे ही वायरच नसते. डिझेलला तर स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे प्रश्नच नाही.

मिसिंग आलं की थेट वायरच बदलणं हेही करू नका. प्लग, कॅप, रोटर सगळं बघा. कॅपला आतून केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तिथून करंट पळतोय, वायर कितीही नवी घाला. मधला कार्बनचा ठिपका झिजलाय का, पितळी टोकांवर हिरवट थर आलाय का तेही बघा. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, लांबूनच बघा, लीक असलेल्या वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. पावसाळ्यात कोकणात सकाळी गाडी मिस मारते आणि दुपारी नीट चालते, ते बऱ्याचदा हेच असतं, ओल धरली की भेगांतून गळती. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर दातांच्या खुणाही शोधा.

मल्टिमीटर असेल तर वायर काढून ओहम मोजा. काही हजार ओहम दाखवणं नॉर्मल आहे, लांब वायरीला जास्त, आखूडला कमी. शून्य यायला पाहिजे असं समजून लोक चांगल्या वायरी फेकतात, पण तो रेझिस्टन्स मुद्दाम ठेवलेला असतो, रेडिओत खरखर येऊ नये म्हणून. मोजताना वायर हळू वाकवून हलवा, आकडा उड्या मारायला लागला किंवा गायबच झाला तर आत तुटलीय. माझी मधली वायर अशीच सापडली, सरळ धरली तर आकडा ठीक, टोपीपाशी जरा वाकवली की गायब.

आणि कृपा करून चालू इंजिनवर वायर उपटून टेस्ट करू नका. जुने मेकॅनिक करतात, आपण बघत आलोय, पण त्यात २० हजारांच्या वर व्होल्ट असतात, पेसमेकर असलेल्या माणसाने तर चालू इंजिनच्या या भागाजवळही जाऊ नये. शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल उडू शकतं आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा भाग) जाऊन तोही खराब होतो.

बसवताना टोपी प्लगवर दाबली की 'टुक' असं हाताला जाणवलं पाहिजे. नाही जाणवलं तर बसलेली नाही, दोन दिवसांत सैल होऊन मिसिंग येणार. टोपीच्या आत सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर बोटाने लावा, म्हणजे पुढच्या वेळी ओढायची वेळ येत नाही. चाकाला लावायचं साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. वायरी जुन्या क्लिपमधूनच न्या, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला टेकता कामा नयेत. कॉइलकडून डेल्कोच्या मध्यभागी येणारी वायर विसरतात लोक, तीही सेटबरोबर बदला कारण ती गेली तर सगळेच सिलिंडर मिस मारतात.

सीएनजीवर चालवत असाल तर हे सगळं आणखी काटेकोर, कारण गॅस पेटवायला व्होल्टेज जास्त लागतं आणि पेट्रोलवर निभावून जाणारी कमजोर वायर गॅसवर टाकल्या टाकल्या उघडी पडते. पेट्रोलवर नीट आणि गॅसवर झटके असं असेल तर किटवाल्याकडे पळायच्या आधी वायरी आणि प्लग बघा.

जुन्या सेटमधली सगळ्यात लांब आणि मीटरवर चांगली निघालेली वायर फेकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डिकीत ठेवा, ती कुठल्याही सिलिंडरला पुरते. माझ्या डिकीत कुंभार्लीपासून एक कायम असते, प्लग पान्याच्या शेजारी.