‘एक्स्प्लोड’ हे क्रियापद वापरताना या चुका टाळा

मराठीत ‘फुटणे’ हे एकच क्रियापद इतकी कामे करते, की कोकणातल्या विद्यार्थ्याला इंग्रजीत त्या सर्वांसाठी ‘एक्स्प्लोड’ पुरेल असे वाटणे स्वाभाविक आहे. रत्नदुर्गाखालच्या कातळावर लाट फुटते, देवळाच्या पायरीवर नारळ फुटतो आणि परीक्षेचा पेपरही फुटतो. परंतु इंग्रजीत लाट आणि नारळ यांना ‘ब्रेक’ लागते आणि पेपरला ‘लीक’. दाब किंवा रासायनिक क्रिया यांमुळे एखादी वस्तू क्षणार्धात आवाजासह फुटून उडते, तेव्हाच ‘एक्स्प्लोड’ योग्य ठरते. रागाचा भडका उडाला किंवा लोकसंख्या भरमसाट वाढली, तर ते लक्षणेनेही चालते.

सर्वाधिक आढळणारी चूक मात्र ‘ब्लास्ट’ची आहे. मच्छीमार नौकेवरच्या गॅस सिलिंडरचा स्फोट झाला, की ‘सिलिंडर ब्लास्ट झाला’ असे आपण सर्रास म्हणतो आणि तेच इंग्रजीत ‘द सिलिंडर ब्लास्टेड’ असे उतरते. या अर्थाने ‘ब्लास्ट’ सकर्मक आहे: सुरुंग लावणारा कोणीतरी हवा आणि फुटणारे काहीतरी हवे. कोकण रेल्वेच्या बोगद्यांसाठी अभियंत्यांनी कातळ ‘ब्लास्ट’ केला, हे बरोबर. सिलिंडरसाठी ‘द सिलिंडर एक्स्प्लोडेड’ एवढेच लिहावे.

याच्या उलट ‘द सिलिंडर वॉज एक्स्प्लोडेड’ अशी कर्मणी रचनाही दिसते. मराठीत ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’ वेगळी असली, तरी ‘एक्स्प्लोड’ दोन्ही अर्थांनी येते, त्यामुळे कर्मणी रूप वापरताच तो कोणीतरी मुद्दाम फोडला असा अर्थ निघतो. विम्याच्या अर्जात असे लिहिणे चांगलेच अंगाशी येऊ शकते. भ्रामक समजूत खोटी ठरवली गेली, असे सांगायचे तर मात्र ‘वॉज एक्स्प्लोडेड’ चालते, कारण मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ टाळ्या पिटून नटाला रंगमंचावरून हाकलणे असा होता. दशावतारात ऐनवेळी संवाद न सुचणाऱ्या नटाला तो अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

‘डिटोनेट’ हा ‘एक्स्प्लोड’चा भारदस्त पर्याय नव्हे, ते बॉम्ब, सुरुंग अशा स्फोटकांपुरतेच ठेवावे. टायर, फुगा आणि नळ यांना ‘बर्स्ट’ पुरते, आणि त्याचे भूतकाळी रूपही ‘बर्स्ट’च राहते, ‘बर्स्टेड’ नव्हे.