दुधीचा रस काढण्याआधी फोड चाखा

दुधी पचायला हलका. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून उन्हाळ्यात मूगडाळ घालून केलेली भाजी उत्तम. सकाळी उपाशीपोटी कच्चा रस पिणाऱ्यांनी मात्र एक सवय लावूनच घ्यावी: दुधी चिरला की देठाकडची आणि टोकाकडची एकेक बारीक फोड जिभेवर ठेवून बघायची. जरा जरी कडू लागली तरी थुंकून टाका, चूळ भरा आणि अख्खा दुधी फेकून द्या. हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो. शिजवून ते जात नाही, मीठ-लिंबू पिळल्याने नुसती चव झाकली जाते. कारल्याचा रस त्यात मिसळू नका, मग कडू नेमकं कोण ते कळतच नाही. अशा रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत, म्हणून एवढं आग्रहाने सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नये असंच बजावलं आहे. रस प्यायल्यावर पोटात कळ आली, उलट्या-जुलाब सुरू झाले, रक्त पडलं, तर घरगुती काढे करत बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि दुधीचा रस प्यायल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.