पहिलीतल्या मुलाच्या शेजारी बसून : डी.एल.एड.ला येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

नाशिकमधील एका अध्यापक विद्यालयात, म्हणजे प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या डी.एल.एड. या पदविकेच्या संस्थेत, मी गेली अनेक वर्षे मराठी शिकवते आणि त्याआधी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले आहेत. दर वर्षी प्रवेश घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांना पाठटाचण (पाठाची लेखी आखणी) कसे लिहावे, सरावपाठ किती घ्यावे लागतात, टीईटीसाठी (शिक्षक पात्रता परीक्षेसाठी) काय वाचावे, असे प्रश्न पडलेले असतात. पहिलीतले मूल वाचायला नेमके कसे शिकते, हा प्रश्न मात्र फार थोडे जण विचारतात, कारण आपण स्वतः ते कसे शिकलो हे कोणालाच आठवत नाही. पुढे लिहिले आहे ते या एका प्रश्नापुरते आहे.

मलाही हा प्रश्न उशिरा पडला. माझी पहिली नेमणूक पेठ तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत झाली होती. मुळाक्षरे आणि बाराखडी मी रोज सगळ्या वर्गाकडून तालात म्हणून घेत असे आणि वर्ग ती खणखणीत म्हणत असे, म्हणून माझे चांगले चालले आहे अशी माझी समजूत होती. फेब्रुवारीत एका मुलीने पुस्तकातला धडा कुठेही न अडखळता वाचून दाखवला. शाबासकी द्यायला मी तिच्याजवळ जाऊन बसले, तेव्हा लक्षात आले की तिचे बोट तिसऱ्या ओळीवर आहे आणि तोंडी पाचवी ओळ चालू आहे. धडा तिला ऐकून ऐकून पाठ झाला होता. त्याच धड्यातला 'पाऊस' हा शब्द पाटीवर वेगळा लिहून दिला, तेव्हा ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. आठ महिने मी तिच्यासमोर उभी राहून शिकवले होते. तिच्या शेजारी बसून तिचे वाचन एकदाही ऐकले नव्हते.

म्हणून माझ्या वर्गात आता पहिले काम ऐकण्याचे असते. मात्र ऐकायला बसण्याआधी आपल्या लिपीची घडण माहीत असावी लागते, नाहीतर मुलाने चूक केली एवढेच कळते आणि ती कोणती चूक आहे हे कळत नाही. ३४ व्यंजनांची प्रत्येकी १२ रूपे धरली, तर नुसत्या बाराखडीतच ४०८ आकार होतात आणि जोडाक्षरे त्याहून वेगळी. एवढा पसारा एका वर्षात पाठांतराने मुलाच्या हाती लागत नाही; काना, मात्रा, वेलांटी, उकार ही चिन्हे कोणत्याही अक्षराला लागली तरी तेच काम करतात, हे त्याच्या ध्यानात आले की पुष्कळसा भार हलका होतो. तरीही अडचणीच्या जागा उरतात. 'दिवा' या शब्दात पहिली वेलांटी डोळ्याला 'द'च्या आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो. 'करवत' हा शब्द आपण 'कर्-वत्' असा बोलतो, पण मूल अक्षर न् अक्षर सुटे करून 'क, र, व, त' असे पूर्ण 'अ'सह म्हणते, आणि चारही अक्षरे बरोबर ओळखूनही घरी रोज पाहिलेली करवत त्याला त्या शब्दात सापडत नाही. 'चार' आणि 'चाक' यांतला 'च' लिहायला एक आहे, उच्चाराला दोन. 'प्रकाश', 'सूर्य', 'ट्रक', 'दऱ्या' या चार शब्दांत 'र' चार वेषांत येतो. घ-ध, भ-म, थ-य या जोड्यांबद्दल तर पहिलीच्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. आपल्याला ही लिपी इतकी अंगवळणी पडलेली असते की हे सगळे नव्याने पाहायला मुद्दाम बसावे लागते, आणि माझ्या विद्यार्थ्यांचे पहिले दोन आठवडे त्यातच जातात.

त्यानंतर आंतरवासितेत, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन करायच्या सरावाच्या काळात, प्रत्येक छात्राध्यापकाने एक मूल निवडायचे असते. हुशार मूल निवडू नये आणि अगदीच मागे पडलेलेही निवडू नये. वर्गशिक्षक ज्याच्याबद्दल 'ठीक आहे' एवढेच म्हणतात ते मूल निवडावे. आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटे, त्याच्या समोर न बसता शेजारी बसावे, म्हणजे दोघांनाही पान एकाच बाजूने दिसते. मुलाने जे वाचले ते जसेच्या तसे वहीत उतरवावे. पुस्तकातला शब्द वर आणि मुलाने उच्चारलेला शब्द त्याच्याखाली, इतकी साधी नोंद पुरते. मूल अडले की लगेच शब्द सांगू नये, मनात पाचपर्यंत मोजावे. हे मोजणे नव्या शिक्षकाला सर्वांत जड जाते, कारण शांतता पसरली की आपले शिकवणे थांबले असे त्याला वाटू लागते. वास्तविक त्याच पाच अंकांत मूल चित्राकडे पाहते, शब्दाच्या सुरुवातीला परत येते, ओठ हलवते, आणि नोंदवण्यासारखे जे काही असते ते तेव्हाच दिसते.

या वह्या तपासताना मी स्वतः पुष्कळ शिकले. आंतरवासितेसाठी सटाण्याकडच्या एका शाळेत गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने एका मुलाच्या वाचनात एकाच वाक्यात दोन चुका दाखवल्या होत्या. पुस्तकात 'माझे घर आहे' असे होते आणि मुलाने 'मनं घर शे' असे वाचले होते. आम्ही ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि तासभर त्यावर बोललो. त्या मुलाने अक्षरे ओळखली, शब्दांचा अर्थ लावला आणि तो अर्थ आपल्या अहिराणीत सांगितला. वाचन याहून वेगळे काय असते? प्रमाण मराठीतला शब्द त्याला आज ना उद्या द्यायचा आहेच, पण आधी त्याचे वाचन मान्य करून. 'पाणी' ऐवजी 'पानी' लिहिणाऱ्या मुलाचेही तसेच आहे. घरी तो जसे ऐकतो आणि बोलतो तसे त्याने अचूक लिहिलेले असते. 'ण' हे अक्षर त्याला येत नाही असा निष्कर्ष काढून त्याच्याकडून ते शंभरदा गिरवून घेतल्यास मूळ गोष्ट बाजूलाच राहते. बागलाण, मालेगावकडे अहिराणी, सुरगाणा-पेठच्या पट्ट्यात कोकणा आदिवासींची कोकणी, शहरात बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या आणखी कितीतरी भाषा, अशा या जिल्ह्यात नोकरी करणाऱ्याने आपल्या वर्गातल्या मुलांची घरची भाषा निदान कानाला ओळखीची करून घ्यावी. माझ्या दृष्टीने हे शिक्षकाच्या पात्रतेचाच भाग आहे.

अक्षरांचा क्रम हा आमच्याकडचा नेहमीचा वादाचा विषय. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांनुसार लावलेला आहे आणि तो सुंदर आहे, पण 'क, ख, ग, घ, ङ' एवढे शिकून मुलाला वाचता येईल असा शब्द हाती येत नाही. उलट 'ग, म, भ, न' आणि त्यांच्या जोडीला काना दिला, की 'नाग', 'मान', 'मामा', 'नाना', 'भान' असे शब्द पहिल्याच पंधरवड्यात वाचता येतात. काही विद्यार्थी यावरून असे समजतात की मग गोष्टीचे पुस्तक अक्षरे संपल्यावर उघडायचे. तसे करू नये. अक्षरांचा गट शिकवणे आणि गोष्ट वाचून दाखवणे ही दोन्ही कामे पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी चालावीत. वाचून दाखवताना पुस्तक मुलांकडे वळवलेले असावे, ओळीखालून बोट फिरावे, मध्ये थांबून 'आता काय होईल?' असे विचारावे आणि तीच गोष्ट सलग तीन दिवस वाचावी. हावभावांसह गोष्ट सांगणे आमच्या विद्यार्थ्यांना छान जमते, पण सांगताना पुस्तक मिटलेले असते आणि मुलांना छापील शब्दाशी गाठ घालून देण्याची संधी हुकते. शाळेत पुस्तके नसतील तर स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात.

वेगाबद्दल थोडे सांगायला हवे. पायाभूत वाचन आणि गणितासाठीचे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीतील प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द अशी अपेक्षा दिली आहे. मापन म्हणून हे आकडे उपयोगी आहेत, कारण फार सावकाश वाचणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरते. पण घड्याळ लावून रोज सराव घेतल्याचे मी पाहिले आहे, आणि त्या मुलांना वाचून झाल्यावर 'कोण कुठे गेले?' एवढेही सांगता येत नव्हते. वेग मोजावा, आणि त्याच बैठकीत अर्थाचा एक तरी प्रश्न विचारून त्याचे उत्तर आकड्याशेजारी लिहावे.

टीईटीचा अभ्यास करावाच लागतो. पेपर एक १५० गुणांचा असतो आणि त्यासाठी पाठांतराला पर्याय नाही. तरी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांची नावे व 'कुरणशाळा' हा शब्द एका गुणासाठी पाठ करताना क्षणभर थांबावे. मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळाच कुरणावर न्यायची, हे त्या दोघींना पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या आदिवासी परिसरात सुचले, कारण मूल शाळेत का येत नाही हे त्यांनी त्याच्याजवळ जाऊन पाहिले होते.

आंतरवासिता संपली की वही महाविद्यालयात जमा करण्याची पद्धत आहे. मी विद्यार्थ्यांना तिची एक प्रत त्या मुलाच्या वर्गशिक्षकाकडे द्यायला सांगते. शेवटच्या पानावर तीनच गोष्टी लिहाव्यात : मुलाला आता काय वाचता येते, ते कुठे अडते आणि अडल्यावर स्वतः काय करून पाहते. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने तिसऱ्या मुद्द्याखाली लिहिले होते, 'शब्दाच्या सुरुवातीला परत जातो, वेलांटीवर बोट ठेवतो आणि मग बोलतो.' जून महिन्यात त्या मुलाच्या दुसरीच्या बाईंनी फोन करून विचारले की वेलांटीवर बोट ठेवायला त्याला कोणी शिकवले. ते कोणीच शिकवले नव्हते.