सिगारेट सोडल्यावर जीव घाबरतो? या चुका टाळा

शेवटची सिगारेट विझवून काही तास होतात न होतात तोच छातीत धडधडायला लागतं, कशाची ते कळत नाही पण धास्ती वाटते. इथे पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक होते: "मी मुळातच चिंतातुर, सिगारेटमुळेच शांत होतो" असं माणूस ठरवून टाकतो.

मेंदूत खोलवर मीडियल हॅबेन्युला नावाचा पेशींचा इवलासा पुंजका आहे. त्याचे तंतू इंटरपेडन्क्युलर न्यूक्लियस या केंद्रात पोचतात. निकोटीन जिथे चिकटतं ते रिसेप्टर या वाटेवर दाटीने असतात. रोजच्या निकोटीनला सरावलेली ही वाट, ते बंद होताच खवळते. 2015 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. मेंदूतल्या ज्या व्हीटीए भागाचं नाव आपण सुखाच्या संदर्भात ऐकतो, तिथल्या पेशीच सीआरएफ हे तणावाचं रसायन बनवून या केंद्राला चेतवत होत्या. सीआरएफचा परिणाम रोखल्यावर उंदरांची भीती कमी झाली. म्हणजे झुरक्याने मिळणारी शांतता ही निकोटीननेच पाडलेल्या खड्ड्याची तात्पुरती भर असते. मला हे कळणं फार मोलाचं वाटतं, कारण मग दोष स्वभावाला लागत नाही.

तिसऱ्या दिवशी "हे असंच राहणार" असा निष्कर्ष काढू नका. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. पुढे 2 ते 4 आठवड्यांत बहुतेकांचा त्रास ओसरतो.

कॉफीकडे कुणाचं लक्षच जात नाही. धुरातले घटक यकृतातलं कॅफिन मोडणारं एन्झाइम वाढवतात. धूर थांबला की तेवढीच कॉफी शरीरात जास्त वेळ रेंगाळते आणि धडधड वाढवते. त्यामुळे प्रमाण निम्म्यावर आणा. (तंबाखू तोंडात ठेवणाऱ्यांना हे लागू नाही.)

निकोटीन गम साध्या च्युइंगगमसारखा चघळला तर निकोटीन लाळेतून पोटात जातं, उचकी लागते आणि तलफ तशीच राहते. झिणझिण्या येईपर्यंत हळू चावा, मग गालात दाबून ठेवा. आधीची 15 मिनिटं चहा-कॉफी नको.

क्लोझापीन किंवा ओलान्झापीन ही मानसिक आजारांवरची औषधं सुरू असतील तर सिगारेट सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगा. धूर बंद झाल्यावर या औषधांची रक्तातली पातळी चढते.